प्राणवायूचा जमाखर्च

मनुष्याला निद्रा प्रिय असते हे मला मान्य आहे. परंतु आपल्या निद्रेसाठी इतरांचा श्वास जप्त करण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळतो, हे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या थोरल्या काकांना विचारण्याचे धैर्य घरात कोणालाही नाही. दिवाणखान्यातील मत्स्यपेटीचा हवेचा पंप रात्री दहाच्या ठोक्याला बंद झालाच पाहिजे, असे त्यांचे फर्मान असून त्याची अंमलबजावणी ते जातीने करतात. कारण पंपाच्या घुरघुरीने त्यांची झोपमोड होते. (त्यांच्या घोरण्याने होणाऱ्या आमच्या झोपमोडीचे अर्ज केव्हाच दफ्तरी दाखल झाले आहेत.)

पेटीत पाणवनस्पती भरपूर आहेत, त्या प्राणवायू देतातच, मग यंत्राची चैन कशाला, हा काकांचा युक्तिवाद दिवसापुरता खराही आहे. परंतु हिरवी वनस्पती प्राणवायू देते ती केवळ उजेडात, हे यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ सालीच दाखवून दिले होते. दिवा मालवला की तीच दानशूर वनस्पती माशांच्या पंक्तीला येऊन बसते. मासे घेतात, वनस्पती घेतात, वाळूतले आणि गाळणीतले जंतू घेतात, आणि जमेची बाजू जवळजवळ कोरी राहून शिल्लक पहाटे, सूर्योदयापूर्वी, नीचांकाला जाते. त्यात उन्हाळा असला तर मूळ भांडवलच तोकडे : हवेतून २० अंश सेल्सिअसच्या लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात, आणि उष्ण पाण्यात माशांची गरज मात्र वाढलेली असते.

मग पापण्यांअभावी उघड्या डोळ्यांनी तळाशी निद्रिस्त असावयाचे ते मासे पहाटे पृष्ठभागाशी दाटी करून तोंडे उघडमीट करू लागतात. काकांना हे सांगितले असता, त्यांनी ते नामस्मरण ठरविले. गुरामी तेवढी निर्धास्त. हवेतून श्वास घेण्याचा चक्रव्यूहासारखा अवयव डोक्यात असल्यामुळे कोणत्याही राजवटीत तिचे चालते, तेव्हा या खटल्यात तिची साक्ष ग्राह्य धरू नये. खरी अडचण अशी, की काका उठतात आठाला. तोवर खिडकीतून उजेड येऊन वनस्पती कामावर रुजू झालेल्या असतात, मासे पांगलेले असतात, आणि पंचनाम्याला पुरावा म्हणून उरत नाही.

बुडबुड्यांतून प्राणवायू थोडाच विरघळतो. त्यांच्यामुळे पृष्ठभागावर जी खळबळ माजते, तिचे काम मोठे. म्हणून वाचकांना नम्र विनंती : रात्री दिवा अवश्य घालवा, पंप घालवू नका, आणि घरात कोणी निवृत्त अधिकारी असल्यास पंप भिंतीपासून दूर सारून त्याखाली स्पंजाचा जाड तुकडा घाला.