मुंबईदर्शन, बोर्डिंग पाससह

मुंबई विमानतळाने जोडविमानाच्या प्रवाशांसाठी केलेल्या मुंबईदर्शनाच्या सोयीची कोणी म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. टर्मिनल १ सांताक्रुझच्या अंगाला, टर्मिनल २ सहारला. धावपट्ट्या मात्र दोघांना सामाईक. विमाने कुठलीही असोत, उतरतात एकाच डांबरावर. फक्त माणसे तेवढी बसमध्ये बसून कुंपणाबाहेर पडतात आणि पश्चिम द्रुतगती महामार्गाची पाहणी करून पुन्हा त्याच विमानतळावर येतात. ढगांतून आलेल्या माणसाचे पाय जमिनीवर राहावेत, असा उदात्त हेतू असणार. शिवाय सिग्नलला थांबल्यावर डोक्यावरून आपलेच विमान उडताना स्वच्छ दिसते; खिडकीची जागा मागूनही असे दृश्य मिळत नाही.

२०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळामुळे आता या योजनेला खाडीपलीकडेही वाव आहे. तिथून पुण्याचे विमान पकडणाऱ्याला तर बसने परस्पर पुण्यालाच सोडावे. बोर्डिंग पास घाटात तपासता येईल. विमान येईलच मागाहून, सामान घेऊन.