तिसऱ्या मजल्यावरचा लोहार

हौशी लोहार ओळखावा त्याच्या खिशावरून. खिशात लोहचुंबक असतं. कार्यालयात पानाचं तबक समोर आलं की बाकीचे सुपारी उचलतात, हा अडकित्ता उचलतो. त्याला चुंबक लावून बघतो, पात्यावर टिचकी मारून कान देतो आणि शेजारच्या अनोळखी काकांना विचारतो, “ह्यात कार्बन किती असेल हो?” पोरगा मेटलर्जीतला दिसतो असं वाटून काका भाचीचं स्थळ काढतात. तेवढ्यात मागून बायको येते आणि अडकित्ता काढून घेऊन तबकात ठेवते.

वय साधारण चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, मुक्काम पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत, नोकरी आयटीत. लागण बहुधा टीव्हीवरून होते. ‘फोर्ज्ड इन फायर’ नावाचा अमेरिकन कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला. त्यात तासाभरात लोखंडाच्या ठोकळ्याचा सुरा होतो. ह्याआधी ह्याच गृहस्थाला सायकल झाली होती, मग घरी पाव करणं झालं होतं. पाव कडक झाला तरी चहात बुडवून खाता येत होता, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

वेन गॉडर्ड नावाच्या अमेरिकन कारागिराचं, पन्नास डॉलरांत सुऱ्यांची कार्यशाळा कशी उभी करावी ह्याचं एक पुस्तक आहे. आमच्या माणसाला ते जवळजवळ पाठ आहे. खड्डा, कोळसा, हवा आणि ठोकायला काहीतरी जड, एवढ्यावर काम भागतं, हे तो भेटेल त्याला पटवून देतो. देताना त्याच्या हातात बोहरी आळीतून आणलेला नवा हातोडा असतो. आधीचे हातोडे चांगलेच होते, पण त्यांचा ‘बॅलन्स’ वेगळा होता.

भट्टी मात्र खरंच घरगुती. लोखंडी घमेलं, आत चिकणमातीचा थर, इस्त्रीवाला आणतो तिथूनच आणलेला लाकडी कोळसा आणि बायकोचा हेअर ड्रायर. “अगं, मी थंड हवेवरच चालवतो. उष्णता कोळशाची, आपण फक्त प्राणवायू द्यायचा,” असं तो तिला समजावतो. जणू तिची तक्रार तापमानाबद्दल होती. ड्रायर ते घमेलं ह्यामध्ये प्लंबरने टाकून दिलेला जीआय पाइप असतो. असा पाइप तापला की वरच्या जस्ताचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. ह्या बाबतीतलं त्याचं ज्ञान पुस्तकी नाही. आता तिथे साधा काळा पाइप आहे.

ऐरणीचं प्रकरण नाजूक. रेल्वेच्या रुळाचा तुकडा सर्वोत्तम, असं जगभरचे हौशी लोक सांगतात. पण आपल्याकडे रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६चा कायदा आहे. त्यामुळे रविवारी जुन्या बाजारात तसा तुकडा दिसला की हा त्याच्याभोवती दोन प्रदक्षिणा घालतो आणि नागरिकशास्त्र आठवून परत येतो. शेवटी मोठ्या घणाचं डोकं काँक्रीटमध्ये रोवून गच्चीवर ऐरणीची प्रतिष्ठापना होते.

पहिला सुरा बांधकामावरून उचललेल्या सळईचा. रविवारची दुपार ठोकण्यात जाते, खालच्या मजल्यावरच्या आजी वामकुक्षी सोडून देतात, पातं लाल करून तेलात बुडवलं जातं. मग परीक्षा. पोलाद कडक झालं असेल तर कानस त्यावरून घसरते. इथे कानस लोण्यात जावी तशी आत जाते. सळईत कार्बन इतका कमी असतो की ती कितीही बुडवली तरी ढिम्म राहते. मग गॅरेजमधून कमानीचा पाटा येतो, ज्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून जास्त असतो, आणि त्याबरोबर बुडवण्याची खरी विद्या सुरू होते.

ही विद्या संध्याकाळी चालते, कारण उन्हात पोलादाची लाली कळत नाही. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला ओळख देईनासं होतं. त्याच्या थोडं पुढे गेलं की बुडवायचं. (खिशातल्या चुंबकाचं खरं काम हे.) तेल आधी पन्नास-साठ अंशांवर कोमट करतात, पातळ झालेलं तेल पात्याला झटकन भिडतं. तेल अर्थात शेंगदाण्याचं, त्यामुळे भज्यांच्या आशेने दोन-तीन शेजारी गच्चीवर येऊन जातात. त्यांच्यादेखत तेलातून बारीक ‘टिंग’ येतं. पाहुण्यांना तो आवाज गोड वाटतो. ह्याचा चेहरा पडतो, कारण पात्याला तडा गेलेला असतो.

जे पातं वाचतं ते काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ते ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर दोन तास ठेवायचं, फिकट सोनेरी रंग येईपर्यंत. पुढचे काही केक तेलकट, लोखंडी चवीचे लागतात. घरात त्यावर कोणी बोलत नाही, आणि बोललं नाही की हा समजतो, कळलं नाही.

हायवेच्या कडेला घिसाड्यांचं पाल दिसलं की गाडी थांबलीच. म्हातारा सांडशीने पातं फिरवतोय, बाई दोन्ही हातांनी घण घालतेय, एकही घाव वाया जात नाही. “बाबा, क्वेंच कशात करता?” म्हातारा नुसता बघतो. “म्हणजे, बुडवता कशात?”

“पान्यात.”

“पाण्यात? अहो, तडकेल ना!”

म्हातारा कोयत्याची फक्त धार पाण्याला लावतो, उचलतो, पुन्हा लावतो. तडकत काही नाही. “न्यायचाय का कोयता?” बाई विचारते. हा कोयता घेतो, घासाघीस न करता. बायकोला सांगतो की अभ्यासासाठी घेतला.

एक दिवस मात्र सुरा होतो. तो घडवता-घडवता नऊ इंचांच्या पुढे गेलेला असतो आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी शस्त्र कायद्याचे नियम वाचलेले असतात. नऊ इंचांहून लांब पातं म्हणजे परवान्याची भानगड. “पण काका, घरगुती वापराची पाती त्यातून वगळलीयत,” हा म्हणतो. काका म्हणतात, “मग दाखवा घरगुती वापर.” कमिटीच्या मीटिंगमध्ये दुधीभोपळा मागवला जातो. सुरा दुधीत शिरतो, वाकडा जातो, पण जातो. काका फोडी मोजल्यासारख्या बघतात आणि शेरा देतात, “घरगुतीच आहे.”

दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. कोणाची विळी, कोणाची कात्री, आजींचा तर अख्खा किसणीसंच. घडवणं जमलं तरी धार लावणं हे वेगळं शास्त्र आहे आणि ते त्याला अजून यायचंय, हे सांगायची ही वेळ नव्हे. तो सगळं पिशवीत भरतो, मागच्या गेटने बाहेर पडतो आणि सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याला गाठतो. नगाला वीस रुपये, स्वतःच्या खिशातून. धारवाला गठ्ठा बघून म्हणतो, “साहेब, खानावळ काढली काय?”