मैदान गेलं, पावती दाखवा

सरकारच्या दूरदृष्टीला तोड नाही. नवी मुंबईत घणसोलीला सरकारी क्रीडासंकुलासाठी 2003 मध्ये 20 एकर जागा राखून ठेवली. पोरं वाट बघत मोठी झाली आणि 2016 मध्ये सिडको या सरकारी महामंडळानं त्यातली जागा घरं-दुकानांसाठी बिल्डरला दिली. मग संकुलाचं काय? त्याचीही काळजी घेतली. 2021 मध्ये ठरलं, ते रायगडात माणगाव तालुक्यातल्या नाणोऱ्याला बांधू. अंतर फक्त 115 किलोमीटर! म्हणजे मध्य प्रदेशातल्या आमच्या धूलकोटच्या पोराला सांगायचं, शाळा सुटली की जळगावला जा, चार षटकं टाक आणि दिवेलागणीच्या आत घरी ये.

हायकोर्टाला हा विनोद काही कळला नाही. त्यानं जुलै 2024 मध्ये सगळं रद्द केलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. उरलीसुरली हिरवी जागा बिल्डरांच्या घशात घालायचा सरकारांना नादच लागलाय, अशा अर्थाचं तिथं तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सुनावलं.

घणसोलीच्या बाजूनं वास्तुविशारदांची संघटना कोर्टात उभी राहिली. जिथं असं कोणी उभं राहत नाही, तिथं जागेचे पैसे जातात कुठं? सरकारनं स्वतःची जमीन विकली की रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत जमा. तिथं मैदानाचा रुपया आणि दारूच्या अबकारीचा रुपया असे गळ्यात गळा घालून बसतात, की कोण कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

आमच्या मध्य प्रदेशात तर 2020 पासून सरकारी जागा विकण्यासाठी स्वतंत्र खातंच आहे, लोक परिसंपत्ती व्यवस्थापनाचं. वापरात नसलेली सरकारी मालमत्ता हुडकायची आणि लिलावात काढायची. पोरांनो, परीक्षेच्या दिवसांतही मैदानात एखादा फलंदाज उभा ठेवत जा. साहेब नेमके तेव्हाच पाहणीला आले तर?

गावात हातभर गटार बांधली तरी पंचायत पाटी रंगवते: कामाचं नाव, मंजूर रक्कम, झालेला खर्च. बांधल्याची पाटी लागते, तर विकल्याचीही लागू द्या. विकलेलं मैदान, आलेली रक्कम, त्यातून घेतलेलं नवं मैदान आणि तिथवर पोराला चालत लागणारी मिनिटं. रकाने चारच. रंगाचा खर्च आम्ही वर्गणी काढून देतो, आकडे तेवढे सरकारनं भरावेत.