'घेऊ नका' म्हणणारा दलाल

महाराष्ट्रात एखाद्याला साधा मिक्सर घ्यायचा असला तरी दुकानाची पायरी चढण्याआधी त्याला तीन घरांतून सल्ला मिळतो, आणि तोही न मागता. मामा वॉटेजवर बोलतात, काकू झाकणाच्या रबरावर, आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते मोटारीच्या वाइंडिंगवर. तिघांपैकी एकालाही मिक्सरच्या कंपनीकडून छदाम मिळत नाही. सल्ला मानला नाही तर रुसायचा हक्क तेवढा प्रत्येकाने राखून ठेवलेला असतो. हेच सल्ले इंटरनेटवर लिहावेत किंवा व्हिडिओतून बोलावेत, खाली खरेदीची लिंक द्यावी आणि त्या लिंकवरून कोणी माल घेतला तर कमिशन घ्यावं, याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. यात करिअर कसं घडवावं हे शिकवणारी मंडळी गोड बोलायला, तारीफ करायला आणि सतत विकायला शिकवतात. माझं मत नेमकं उलट आहे. इथे जो टिकतो तो 'घेऊ नका' असं तोंडावर सांगू शकतो म्हणून टिकतो. आणि हा गुण शिकवणीशिवाय अंगात मुरलेला समाज शोधायला आपल्याला फार लांब जावं लागणार नाही.

आधी या धंद्याचा हिशेब पाहू, कारण बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो. 1995 साली ऑनलाइन पुस्तकं विकायला बसलेल्या ॲमेझॉनने दुसऱ्याच वर्षी, जुलै 1996 मध्ये, ही योजना सुरू केली. तुमच्या लिंकवर कोणी क्लिक केलं की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक खूण पडते. ॲमेझॉनकडे ती सर्वसाधारणपणे 24 तास चालते. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक जे घेईल त्यावर तुमचं कमिशन. म्हणजे तुम्ही दोन हजार शब्द खर्चून कुकरची शिफारस करावी आणि वाचणाऱ्याने कुकर राहू देऊन सासऱ्यांसाठी आरामखुर्ची घ्यावी, तरी खुर्चीचं कमिशन तुम्हाला मिळतं. उलट एखादीने 'ह्यांना विचारून सांगते' म्हणून दोन दिवस घेतले, तर कुकरही गेला आणि खुर्चीही. आता समजा मिक्सर 4,000 रुपयांचा आहे आणि कमिशन 5 टक्के. एका विक्रीमागे 200 रुपये. क्लिक करणाऱ्या शंभरांतले दोघे खरंच घेतात असं धरलं तर शंभर क्लिकमागे 400 रुपये झाले. महिन्याला 40,000 हवे असतील तर दहा हजार क्लिक लागतील, आणि वाचणाऱ्या दहांतला एक क्लिक करतो असं मानलं तर एक लाख वाचक. शिवाय माल परत गेला की कमिशनही परत जातं. 'झोपेत कमाई' अशी या धंद्याची जाहिरात होते. ती खोटी नाही, फक्त हे गणित एकदा मांडल्यावर झोप लागत नाही.

एक लाख वाचक कुठून आणायचे, या प्रश्नावर आपल्याकडचं पहिलं उत्तर म्हणजे नातेवाईक. लग्नाच्या यादीत चारशे जण असतात, त्यांना लिंक पाठवू, एवढं तर करतील. पण ॲमेझॉनने हा मार्ग करारातच बंद केला आहे. स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करायची नाही, आणि आप्तेष्टांनाही तसं करायला लावायचं नाही. अमेरिकेत बसून हा नियम लिहिणाऱ्याला भारतीय कुटुंबपद्धतीची इतकी खोल जाण कुठून आली, हे एक कोडंच आहे. या एका कलमाने चहा पाजून विमा गळ्यात मारण्याची आपली थोर परंपरा निकालात निघते. उरतो तो परका माणूस. त्याच्यावर ना मानपानाचं दडपण, ना लग्नातल्या आहेराची परतफेड. तो तुमचं ऐकेल ते एकाच कारणाने: मागच्या वेळी ऐकलं तेव्हा त्याचे पैसे वाया गेले नव्हते.

हे नुसतं सुभाषित नाही, याला पुरावा आहे. ब्रिटनमध्ये मार्टिन लुईस या पत्रकाराने 2003 मध्ये शंभर पौंडांच्या खर्चात 'मनीसेव्हिंगएक्स्पर्ट' ही वेबसाइट काढली. पैसे वाचवायला शिकवणं हा तिचा उद्योग. ग्राहकाला काय फायद्याचं ते आधी ठरवायचं, मग त्यावर कमिशन मिळतं का ते पाहायचं, असा तिथला क्रम. कमिशनच्या लिंकपुढे चांदणी छापलेली असते आणि सोबत कमिशन न देणारी लिंकही दिलेली असते. म्हणजे दलालाने गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायचं की मला वगळून जायचं असेल तर रस्ता हा इकडून आहे. आपल्याकडे एखाद्याने असं केलं तर घरचे डॉक्टरकडे नेतील. लुईस यांनी 2012 मध्ये ही वेबसाइट विकली, तेव्हा सौदा 8 कोटी 70 लाख पौंडांपर्यंतचा होता. दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. ब्रायन लॅम यांनी 2011 मध्ये 'वायरकटर' सुरू केलं. तिथली पद्धत अशी की ढीगभर वस्तू तपासायच्या आणि शेवटी एक सांगायची: ही घ्या. बाकीच्या का नाही, तेही सांगायचं. 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सुमारे 3 कोटी डॉलर मोजून ते विकत घेतलं. दोन्ही ठिकाणी नकार फुकट वाटला आणि होकारावर पैसे कमावले. जो शंभरांतल्या नव्वद वस्तूंना नाकं मुरडतो, त्याने दहांना मान डोलावली तर लोक पाकीट काढतात. आपल्या काकूंना हे कोणी वेळेवर सांगितलं असतं तर!

उलट बाजूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. शॉन होगन हा एकेकाळी ईबेचा सर्वात मोठा ॲफिलिएट. त्याने सुमारे 2 कोटी 80 लाख डॉलर कमिशन मिळवलं. पण ज्यांनी ईबेच्या जाहिरातीवर कधी क्लिकच केलं नव्हतं, अशा लोकांच्या संगणकांतही त्याची कुकी गुपचूप टाकली जात होती. ते लोक पुढे कधी आपणहून ईबेवर गेले की दलाली होगनच्या नावावर. प्रकरण एफबीआयपर्यंत गेलं आणि 2014 मध्ये त्याला पाच महिन्यांची कैद झाली. शिफारस न करता, वस्तू न पाहता, गिऱ्हाइकाशी एक शब्द न बोलता दलाली खाणं ही या धंद्याची सर्वात कार्यक्षम पद्धत होती, यात शंका नाही. तिच्यात निवृत्तिवेतनाची सोय नव्हती, एवढंच.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की कमिशन घेणारा निःपक्षपाती असूच शकत नाही. आक्षेप रास्त आहे. ज्या वस्तूवर जास्त कमिशन तिच्याकडे मन ओढ घेतं, आणि मनाला समर्थन शोधायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच कमिशन उघड सांगणं हा शिष्टाचार न राहता नियम झाला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार पैसे, भेटवस्तू, सवलत, इतकंच काय पण नातंगोतं असेल तरी ते प्रेक्षकाला सोप्या भाषेत, ठळकपणे सांगायला हवं. भाच्याच्या मसाल्यांची तारीफ करताना 'हा माझा भाचा' हे आता मसाल्याच्या आधी यायला हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याच्याही आधी हिशेब आडवा येतो. खोट्या शिफारशीवर एकदाच 200 रुपये मिळतात. खऱ्या शिफारशीचा वाचक मिक्सरनंतर फ्रिज विचारायला येतो, फ्रिजनंतर गिझर. प्रामाणिकपणा परवडतो म्हणून करावा, हे तत्त्वज्ञान फारसं उदात्त नाही. पण उदात्त तत्त्वज्ञानापेक्षा ते जास्त दिवस टिकतं.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. मुलगा काय करतो, या प्रश्नाला 'लिंका देतो' हे उत्तर स्थळ येण्याच्या दृष्टीने घातकच. दलाली करणं आपल्या घराण्याला शोभत नाही, असंही ऐकू येतं. पण याच घराण्यांत पोस्टाच्या आरडीचे पैसे न्यायला दर महिन्याला एक बाई येत आणि त्यांना पाणी, चहा आणि क्वचित पोहेही मिळत. 1972 मध्ये सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या त्या एजंट. सरकारकडून मिळणारं 4 टक्के कमिशन हीच त्यांची कमाई. त्यांना कोणी दलाल म्हटलं नाही, कारण त्या पावती वेळेवर देत आणि पुढच्या महिन्यात त्याच दारात पुन्हा उभ्या राहत. कमिशनने माणसाची किंमत उतरत नाही, तोंड लपवावं लागलं की उतरते.

तिसरा आक्षेप सर्वात भक्कम आहे, आणि तो मी खोडून काढणार नाही. दोरी कंपनीच्या हातात असते. एप्रिल 2020 मध्ये, जग घरात बसून ऑनलाइन खरेदी करत असताना, ॲमेझॉनने अमेरिकेतले दर कापले. फर्निचरवरचं कमिशन 8 टक्क्यांवरून 3 वर आलं, किराण्यावरचं 5 वरून 1 वर. कष्ट तेच, लेख तेच, लिंक तीच, आणि कमाई एका ईमेलने निम्म्याहून खाली. शिवाय शेवटचं क्लिक ज्याचं, कमिशन त्याचं, या रिवाजाचे वेगळे धोके आहेत. पेपालच्या मालकीचं 'हनी' हे कूपन शोधून देणारं साधन खरेदीच्या शेवटच्या क्षणी दुसऱ्याच्या कुकीवर आपली कुकी बसवतं, असा आरोप डिसेंबर 2024 मध्ये झाला आणि मामला कोर्टात गेला. तेव्हा एकाच कंपनीच्या जिवावर नोकरीचा राजीनामा देणं हा धाडसी निर्णय नसून घाईचा निर्णय आहे. दोन-तीन ठिकाणची कमिशनं असावीत, वाचक थेट आपल्याकडे येतील अशी सवय त्यांना लावावी आणि पगार चालू ठेवावा. मराठी घरात हा शेवटचा मुद्दा वेगळा पटवून द्यावा लागत नाही.

राहिला प्रश्न मराठीत वाचणार कोण हा. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे सव्वाआठ कोटींवर होते. त्यांतल्या एक लाखाला पडणारे प्रश्न इंग्रजी परीक्षकांच्या गावीही नसतात. घरघंटीत ज्वारीचं पीठ भाकरी थापता येईल इतकं बारीक येतं का? सुकं खोबरं आणि लसूण घातल्यावर मिक्सर किती वेळात तापतो? बोअरच्या जड पाण्यावर कोणता फिल्टर तग धरतो? भाकरीला चिरा पडल्यावर परदेशी परीक्षणातले तारे काही कामाचे नसतात. ज्याने खरोखर ज्वारी दळून पाहिली आहे, त्याला इथे स्पर्धक कमी आणि गिऱ्हाईक भरपूर.

म्हणून या वाटेला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कोर्स विकत घेण्याआधी कागद घ्या आणि आपल्या घरातल्या दहा वस्तूंची नावं लिहा. त्यांतल्या ज्या तुम्ही पुन्हा कधीही घेणार नाही, त्यांवर कारणांसकट पहिले लेख लिहा. त्यांतून एक पैसाही मिळणार नाही, कारण त्यांत लिंक नसेल. हे लेख वाचून लोक परत आले तर पुढचा लेख लिंकसह लिहा. नाही आले, तर गावात पोस्ट ऑफिस आहेच.