तुमचं मत कमेंटमध्ये कळवा

मराठी प्रकाशकाला वाचकाची आठवण पूर्वी वर्षातून दोनदा यायची. एकदा दिवाळीत आणि एकदा साहित्य संमेलनाच्या मांडवात. आता ती दर चार तासांनी येते. सकाळी एक प्रकाशन संस्था मला शुभ प्रभात म्हणते. दहाच्या सुमारास दुसरी विचारते, वाचताना तुम्हाला चहा लागतो की कॉफी? दुपारी तिसरी धुरकट केलेलं मुखपृष्ठ दाखवून 'ओळखा पाहू लेखक कोण?' असं कोडं घालते. आणि रात्री एक मासिक हळूच विचारतं, झोपण्याआधी किती पानं वाचता? इतकी चौकशी माझ्या सख्ख्या मेव्हण्यानेही कधी केलेली नाही.

सणवार तर विचारू नका. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. या तीन दिवशी फोन वहाणांच्या कपाटात ठेवलेला बरा. २०२४च्या ३ ऑक्टोबरला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा आमच्याकडे रात्रीच्या पोळ्या व्हायच्या आत अभिनंदनाच्या पोस्टी धडकल्या होत्या. वर ज्ञानेश्वर, मध्ये तुतारी, आणि खाली बारीक अक्षरांत 'निवडक पुस्तकांवर अभिजात सवलत'.

या साऱ्याचं इंगित मला आमच्या प्रकाशकांच्या पुतणीने समजावलं. अप्पा बळवंत चौकाजवळच्या त्यांच्या कार्यालयात, जिथे पूर्वी मुद्रितं तपासणारे सोमण बसायचे, त्या टेबलाशी ती आता 'सोशल मीडिया बघते'. माझा ललितलेखांचा संग्रह यायचा होता, म्हणून तिने मला रीलसाठी बोलावून घेतलं.

"काका, पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडलं पाहिजे. नाहीतर लोक पुढे सरकतात."

"अगं, माझ्या पुस्तकात पहिल्या चाळीस पानांतही काही घडत नाही. ललितलेख आहेत ते."

"मग तुम्ही पार्सल उघडा."

त्यानंतर मी माझ्याच पुस्तकाचं पार्सल कात्रीने उघडलं आणि आत माझंच पुस्तक निघाल्याबद्दल चकित झालो. चकित होणं नीट न जमल्यामुळे पार्सल पुन्हा चिकटवण्यात आलं. शेवटी जे चित्रण पसंत पडलं, त्यात माझ्या चेहऱ्यावर उकाड्याचा त्रास स्पष्ट दिसतो. पण मागे बासरी वाजत असल्यामुळे तो कृतार्थपणा वाटतो.

प्रकाशकांनी नाक मुरडलं. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती," ते म्हणाले. मला हे पटेना. असली थेरं कायम होती, फक्त ती कागदावर होती. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तो काय मराठी माणूस फराळानंतर रिकामा बसू नये या काळजीपोटी? सणाच्या दिवशी माणूस सैल असतो, हे त्यांना कुठल्याही अल्गोरिदमच्या आधी कळलं होतं. 'चांदोबा' दर महिन्याला दोन फोटो छापून त्यांना जुळतील अशा ओळी मुलांकडून मागवायचा. 'ललित'ने तर ठणठणपाळ नावाचा एक इसमच वाचकांच्या अंगावर सोडला. तो नामवंत लेखकांच्या टोप्या उडवी, व्यंगचित्रकार सरवट्यांनी त्याच्या हातात भलामोठा हातोडा दिला होता, आणि बुरख्यामागे जयवंत दळवी आहेत हे माहीत झाल्यावरही लोक अंक आला की आधी तेच पान उघडत. खोट्या नावाने खाती उघडून लेखकांना टोचणाऱ्या आजच्या मंडळींनी दळवींना गुरुदक्षिणा द्यायला हवी. निदान मराठी तरी बरं लिहावं.

आणि 'आवाज'! १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं ज्यांनी चोरून पाहिली नाहीत, अशी माणसं माझ्या पिढीत नाहीत. असतील ती खोटं बोलतात. पानाला एक चौकोनी भोक, भोकातून दिसणारं काहीतरी भलतंच, आणि कोणी पाहत नाही ना याची खात्री करून पान उलटलं की मागे उभा एखादा निरुपद्रवी भोपळेवाला. वाचक फसायचा, हसायचा, आणि पुढच्या खिडकीपाशी पुन्हा फसायला उत्सुक. 'पुढे जे घडलं ते पाहून थक्क व्हाल' असं लिहून आज लोकांना जिथे ओढतात, तिथे भोपळासुद्धा नसतो. उघडल्यावर निघते ती पंख्याची जाहिरात.

फरक असलाच तर तो वाचकाच्या खर्चात आहे. 'चांदोबा'ला ओळ पाठवायची तर पोस्टकार्ड आणावं लागे, अक्षर बरं काढावं लागे, आणि मग महिना-दोन महिने वाट पाहावी लागे. व्हीपीपीने पुस्तक मागवलं तर पोस्टमन दारात उभा असताना आईकडे पैसे मागायला लागत, आणि पुस्तकाचं नाव तिला मोठ्याने सांगावं लागे. यातून पार पडलेला माणूस ते पुस्तक वाचायचाच. ग्रंथालीने १९७४पासून वाचक चळवळ म्हणून पुस्तकं गावोगावी नेली, सभासद जमवले, त्या जोरावर १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आणलं. त्या सभासदाने आधी पैसे मोजलेले असत. आताचा अनुसारक अंगठा उंचावतो, आणि तोही बहुतेक वेळा पोस्ट सरकवताना चुकून लागलेला असतो. माझ्या पार्सलच्या रीलखाली भरपूर लाल बदाम आले. पुस्तकाबद्दल विचारणा एकच होती: 'सर, पीडीएफ मिळेल का?' त्याखाली आणखी सात जणांनी 'मलापण' असं लिहिलं होतं.

वाचकांचा अनुनय न करणारेही आपल्याकडे होऊन गेले. 'सत्यकथे'ने कधी कोणाला चहा की कॉफी असं विचारल्याचं ऐकिवात नाही. तिथून यायचं ते 'साभार परत'. आणि तरी बघा, १९६९ साली तरुण लेखकांनी तिच्या अंकाची जाहीर होळी केली. एवढा जिवंत प्रतिसाद आज कोणत्या पेजला मिळतो? आज कोणाला राग आला तर तो रडका चेहरा टाकतो आणि जेवायला जातो.

मी पुतणीला जी. ए. कुलकर्ण्यांचं उदाहरण दिलं. धारवाडला राहायचे, सभा-समारंभ टाळायचे, फोटोत काळ्या चष्म्याआड, आणि लोकांशी बोलायचं ते पत्रांतून. तरी वाचक वेडे होते. ती क्षणभर विचारात पडली. "काळा चष्मा छान आहे," म्हणाली. "पण काका, तुम्हाला तो शोभेल का?"

मग एका संध्याकाळी लाइव्ह गप्पा झाल्या. पहिला काही वेळ 'आवाज येतोय का?' या विषयावर चर्चा रंगली. सांगलीच्या एक बाई आपला आवाज बंद करायला विसरल्यामुळे त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या साऱ्यांनी मोजल्या. न्यू जर्सीहून एकाने 'इथे सकाळ आहे' असं कळवलं. कार्यक्रम संपल्यावर तोच गृहस्थ प्रकाशकांना लिहितो, पाच प्रती पाठवा, टपालखर्च कितीही होऊ दे. प्रकाशक त्या दिवसापासून थेरं म्हणत नाहीत, उपक्रम म्हणतात.

मात्र मराठी वाचकाला खरोखर जागं कशाने करता येतं, याचा शोध निव्वळ अपघाताने लागला. एका जयंतीच्या पोस्टीत पुतणीने 'थोर कवि' असं लिहिलं, ऱ्हस्व. तोवर त्या पेजवर शुकशुकाट असे. तासाभरात कराडच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ची चार नियमांची पुरवणी, असा सगळा ऐवज तिथे उतरवून काढला. त्यावर नागपूरच्या एकांनी, शब्द संस्कृतातला आहे, आम्ही शाळेत ऱ्हस्वच शिकलो, असं बजावलं. तिसऱ्याने दोघांनाही पुण्यातले ठरवलं. पोस्ट आठवडाभर धगधगत होती. आणि भांडताना दाखले लागतात म्हणून त्या कवीची दोन पुस्तकं खपली.

तेव्हापासून दर आठवड्याला एक चूक, मोजून मापून, असा संस्थेचा शिरस्ता आहे. मुद्रितं तपासणाऱ्या सोमणांना त्यासाठी पुन्हा बोलावून घेतलंय. परवा पुतणीचा फोन आला.

"काका, सणाची पोस्ट आहे. एखादी चांगली चूक सांगा ना."

"'आशीर्वाद'चा 'आर्शिवाद' कर. हमखास पेटेल."

"संक्रांतीला केला होता हो. कोणी काही बोललंच नाही. लोकांना आता तोच बरोबर वाटतो."

बराच खल होऊन शेवटी 'दिपावली'वर एकमत झालं. राखीव म्हणून सोमणांनी 'हार्दीक' सुचवलं आहे.