ॲप्टसाहेबांना अनावृत पत्र



डेबियनवर प्रोग्रॅमांची पॅकेजे बसवणाऱ्या ॲप्टसाहेबांच्या कर्तव्यदक्षतेबद्दल पत्रलेखकाला तिळमात्र शंका नाही. मालक झोपला की त्यांचे विश्वासू कारकून, अनअटेंडेड अपग्रेड्स, कामाला लागतात. परवा डेबियन १२ च्या एका सर्व्हरवर त्यांनी एफएफएमपेग हा ऑडिओ-व्हिडिओ फाइली रूपांतरित करणारा प्रोग्रॅम ‘अपग्रेड’ केला. आधी होता ७.१, नंतर झाला ५.१. प्रगती!

त्या ७.१ मध्ये एफडीके एएसी एन्कोडर होता. परवान्याच्या अडचणीमुळे डेबियन तो आपल्या एफएफएमपेगमध्ये घालत नाही, म्हणून तर ॲडमिनने स्वतः कंपाइल केला होता. सकाळी रांगेतली प्रत्येक ऑडिओ फाइल ‘अननोन एन्कोडर’ म्हणत आडवी.

सात मोठे की पाच, हे साहेबांना कळते. पण ते आधी पाहतात इपॉक, म्हणजे आवृत्तीत कोलनच्या अलीकडचा आकडा. डेबियनचा एफएफएमपेग ‘७:५.१’. घरच्या पॅकेजला इपॉकच नाही, म्हणजे शून्य. आता हा सात आला कुठून? २०११ साली एफएफएमपेगच्या मंडळींत भांडण होऊन लिबएव्ही वेगळा निघाला. डेबियनने काही वर्षे त्यालाच जवळ केले. त्याचा इपॉक सहा. एफएफएमपेग परतला तेव्हा सहावर मात करायला त्याला सात द्यावा लागला. ते भांडण कधीच संपले. सात मात्र अजून लोकांची पॅकेजे खातो आहे.

खरी मेख पुढेच आहे. हाच माणूस ‘मेक इन्स्टॉल’ म्हणून यूएसआर-लोकलमध्ये फाइली टाकून मोकळा झाला असता, तर साहेबांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नसते. ती जागा ॲडमिनची, असा दंडकच आहे. पण त्याने चेकइन्स्टॉलने रीतसर पॅकेज बांधले, साहेबांच्या दप्तरात नोंदवले. नोंद केली, म्हणूनच पुसले गेले! ईटीसीमधल्या कॉन्फिग फाइलीत कुणी एक ओळ बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती फाइल बदललेली असेल, तर साहेबांच्या हाताखालचा डीपीकेजी थांबून विचारतो: तुमची ठेवू की आमची? अख्ख्या प्रोग्रॅमसाठी मात्र चकार शब्द नाही. ‘ॲप्ट मू’ लिहिले की पडद्यावर गाय काढायला यांना सवड आहे.

पॅकेज गोठवायला होल्ड आहे, आवृत्ती ठरवून द्यायला पिनिंग आहे, स्वतःच्या पॅकेजला ९९ इपॉक चिकटवण्याची युक्तीही आहे. पण होल्ड लावला की सुरक्षेची दुरुस्तीही दारातच अडते, आणि एफएफएमपेगला तर दिवसभर परक्यांच्या फाइली उघडायच्या असतात. घरच्या ७.१ मधली भोके बुजवायला कोण येणार होते? त्या रात्री दुरुस्ती घेऊन आले ते एकटे साहेबच. बिचाऱ्यांना वाचता येतात ते फक्त आकडे.

तेव्हा विनंती एवढीच. कॉन्फिगचा प्रश्न निघणार असेल, तर साहेबांचे कारकून ते पॅकेज रात्री बाजूला ठेवतात. जी आवृत्ती कुठल्याच रिपॉझिटरीतून आलेली नाही, हे साहेबांच्या दप्तरात स्पष्ट दिसते, तिलाही हीच सवलत द्यावी. हात लावू नये, एक ईमेल टाकावा आणि सकाळी माणसाला विचारावे.