जावईबापूंची तिपाई

बोझमन, मोंटाना
नोव्हेंबरचा दुसरा रविवार

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या जावयांनी अखेर एक तिपाई विकत घेतली. एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन करायचा, असं आई म्हणेल. पण आपला फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी जावईबापू बसलेले असतात. काही गोष्टी कागदावरच बऱ्या.

मागच्या जानेवारीत त्यांनी एका डोळ्याने बघायची ती लांब दुर्बीण घेतली. इथे तिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. वीसपासून साठ पटीपर्यंत मोठं दाखवते. किंमत आईला सांगू नका. आमची जुनी गाडी तिच्या दुप्पट किमतीत आली होती. दुर्बीण निवडायला दोन महिने लागले. भिंगांवर कुठला लेप आहे, कडेला जांभळी झाक येते का, सगळं तपासलं. शेवटी माणूस लेझरच्या कंपनीतला. या गावात भिंगांच्या आणि लेझरच्या कंपन्या इतक्या आहेत, की भिशीतसुद्धा प्रकाशाच्या अपवर्तनावर बोलतात. मग दुर्बीण उभी करायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी चाळीस डॉलरची तिपाई घेतली. मी म्हटलं, "बाबा म्हणतात, आधी पाय बघावेत." तर म्हणाले, "पाय काय बघतात थोडेच? बघतं ते भिंग."

बाबा, हेच गृहस्थ ऑफिसात ज्या टेबलावर काम करतात ते अर्ध्या टनाचं आहे. खाली हवेच्या उशा, म्हणजे शेजारच्या खोलीत कोणी दार आपटलं तरी लेझर थरथरू नये. आणि घरी आणलेली तिपाई एका पपईइतक्या वजनाची!

फेब्रुवारीत आम्ही यलोस्टोनला गेलो. उत्तरेच्या गार्डिनर गावाकडून आत जाणारा रस्ता तेवढा बारा महिने गाड्यांना खुला असतो, आणि तोच पुढे लामार खोऱ्यातून जातो. 1995 मध्ये कॅनडाहून 14 लांडगे आणून या उद्यानात वसवले, त्यांच्या वंशातले अजून तिथे दिसतात. लांडग्यापासून निदान 100 यार्ड लांब राहायचा नियम आहे. प्रत्यक्षात तो एक-दीड मैलावर असतो, म्हणून ही सगळी यंत्रं. पहाटे रस्त्याच्या कडेला दुर्बिणी लावून माणसं अशी ओळीने उभी होती, जणू खोऱ्याची फेरमोजणी निघाली आहे. आमचीही लागली. सगळ्यांच्या आधी लांडगा आम्हालाच दिसला, हे मी इमानदारीने नोंदवते. तुमच्या नातवाने डोळा लावला आणि ओरडला, "आई, लांडगा नाचतोय!"

लांडगा निवांत बसला होता. नाचत होती ती तिपाई. साठ पटीवर लांडगा साठ पट मोठा दिसतो, तसा पायाचा थरकापही साठ पट मोठा दिसतो, एवढं साधं त्रैराशिक. त्यात जावईबापूंनी मधला दांडा पूर्ण वर ओढलेला, म्हणजे काठीच्या टोकाला कलिंगड. वारा आला. ते म्हणाले, थांबा, घट्ट करतो. उणे वीस अंशात प्लास्टिकचा खटका दाबला, आणि तिन्ही पाय जिथे जुळतात तो सांधा पापडासारखा मोडला. दुर्बीण बर्फात पडली म्हणून वाचली. पुढचे दोन तास आम्ही दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून, रांगेत उभं राहून, लांडगे पाहिले. लोक फार चांगले. कोणी काही बोललं नाही. त्यानेच जावईबापू जास्त खचले.

आता शेजारच्या काकांबद्दल. तुम्हाला सांगितलं होतं ना, निवृत्त शाळामास्तर, दर वर्षी एल्कच्या शिकारीला जातात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या भावकीतला. ते एकदा अंगणात आले, मोडलेली तिपाई त्यांनी हातात घेतली आणि मेलेला उंदीर धरावा तशी लांब धरली. मग घरी जाऊन स्वतःची घेऊन आले. वीस वर्षांची, ॲल्युमिनियमची, ठिकठिकाणी चिकटपट्ट्या, आणि वरच्या पायांना नळाला गुंडाळतात तो फोम. फोम का, तर थंडीत ॲल्युमिनियमला उघडा हात लावला तर कातडी चिकटते.

काकांचं म्हणणं असं की, शिकार बंदुकीने होते हा शहरी लोकांचा समज. शिकार बसून, बघून होते. डोंगराच्या सोंडेवर बसायचं, समोरचा उतार पट्ट्यापट्ट्यांनी तपासायचा, शेत मोजावं तसा. दहा पटीची साधी दुर्बीणसुद्धा तिपाईवर बसवायची. हातात धरली तर सगळा डोंगर हलतो. तिपाईवर डोंगर थांबतो, आणि मग जे हलतं ते जनावर असतं. शिवाय इथल्या बऱ्याच भागांत नियम आहे: नर एल्क मारायचा तर त्याच्या शिंगाच्या खालच्या अर्ध्या भागात निदान 4 इंचांचा फाटा दिसला पाहिजे. अर्ध्या मैलावरून चार इंच! थरथरत्या भिंगातून चार इंचांचे सहाही दिसतात आणि शून्यही.

हे ऐकताना मला हसू फुटलं. पुढे त्यांनी उतारावर तिपाई कशी लावायची ते दाखवलं: एक पाय चढाकडे, दोन उताराकडे, आणि टोकं टाचेने दाबून जमिनीत रोवायची. बाबा, ही तर तुमचीच ओळ! मला सातव्या वर्षी तुमच्याबरोबर मोजणीला नेलं होतंत, तेव्हा शिपायावर ओरडला होतात तीच. प्लेन टेबल, आलिदाद, साखळी, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. काकांना लॅम्टनची गोष्ट सांगावी लागली. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट घेऊन तो माणूस मद्रासेपासून हिंदुस्थान मोजत निघाला, 1808 मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून यंत्र आपटलं, त्याने स्वतः बसून ते दुरुस्त केलं, आणि 1823 मध्ये आमच्या हिंगणघाटला वारला. काकांनी टोपी काढली. जावईबापूंनी ही गोष्ट आमच्या लग्नात ऐकली होती, पण तेव्हा ते पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या चहात गुंतलेले होते.

सप्टेंबरात काकांना घेऊन दुकानात गेलो. पहिलं त्यांनी काय केलं असेल? वजनक्षमतेची चिठ्ठी उलटी केली. कोणती कंपनी ते वजन कसं मोजते हे तिलाच ठाऊक, म्हणून तुलना करायचीच नाही म्हणे. तिपाई पूर्ण उघडून डोक्यावर तळहात ठेवून दाबायचं, मग बरणीचं झाकण पिळावं तसं पिळायचं. पाय कमरेत वाकले की परत. मग वर दुर्बीण बसवून पायाला टिचकी मारायची आणि चित्र किती वेळ थरथरतं ते मोजायचं. ऑफिसात कंपनं मोजायची महागडी यंत्रं वापरणारे आमचे गृहस्थ टिचकी मारून "एक, दोन, तीन" म्हणत होते, ते पाहून मला भरून आलं.

पायांचा वाद तासभर चालला. चार तुकड्यांचा पाय पिशवीत मावतो, पण शेवटचा तुकडा बोरूइतका बारीक. काकांनी तीन तुकड्यांचाच घ्यायला लावला. कार्बन फायबर हलकं, थंडीत हाताला चावत नाही, कंपन लवकर जिरवतं. पण खडकावर जोरात आपटलं तर तडकू शकतं. ॲल्युमिनियमला फक्त पोचा पडतो. पिळून बंद होणारे सांधे की खटक्याचे? खटके हातमोज्यांनी चालतात, पण कट्ट वाजतात आणि झुडपांत अडकतात. पिळायच्या सांध्यात वाळू गेली की करकरतात, मग उघडून पुसावे लागतात. आम्ही कार्बन आणि पिळाचे घेतले. डोकं मात्र गोळ्याचं नाही घेतलं. गोळा सैल केला की दुर्बीण मान टाकते. आडवं-उभं संथ फिरणारं, आत दाट वंगण असलेलं घेतलं. मधला दांडा काढूनच टाकला. बसूनच बघायचं तर उंची कशाला? सगळं मिळून सातशे डॉलर. दुर्बिणीच्या तळाची पट्टी आणि डोक्याची खाच जुळत नाही हे घरी आल्यावर कळलं. तो खर्च वेगळा, त्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलं आहे.

खंडेनवमीला मी तिपाईची पूजा केली. तुम्ही टेबल, साखळी आणि आलिदाद मांडायचात तशीच. हळद, कुंकू, झेंडूऐवजी अंगणातल्या कुंडीतली शेवंती. तुम्हालाही काही पुजायचंय का असं काकांना विचारलं, तर त्यांनी बंदूक आणली नाही (मी ठेवूही दिली नसती), आपली चिकटपट्टीवाली तिपाई आणली आणि कुंकवाचं बोट लावून घेतलं. अजून पुसलेलं नाही.

तिपाईच्या पोटाखाली एक आकडा असतो. वारा असला की त्याला दगडांची पिशवी टांगतात, म्हणजे पाय उचलत नाहीत. दसऱ्याच्या आदल्या रात्री मी त्याला चक्क्याचं फडकं टांगलं, खाली पातेलं. तीन किलो दही. सकाळी जावईबापू उठले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "इतक्या वजनाला जराही वाकली नाही." श्रीखंडाबद्दल एक शब्द नाही.

ऑक्टोबरअखेर बंदुकीचा हंगाम सुरू झाला आणि काका त्यांना ब्रिजर डोंगराकडे घेऊन गेले. शिकाऱ्याच्या कमरेच्या वर निदान 400 चौरस इंच नारंगी कपडा दिसलाच पाहिजे असा इथला कायदा आहे. जावईबापू शिकारी नाहीत, पण टोपीपासून पाकिटाच्या दोरीपर्यंत नारंगी होते. मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी दिली. पाच तास बसले. दर अर्ध्या तासाने हे एल्क दाखवायचे आणि काका म्हणायचे, "खोड." असे अकरा एल्क खोड निघाले. संध्याकाळी मला म्हणतात कसे, "पण तुला सांगतो, खोडं एकदम स्थिर होती." पूर्वी खोडंही नाचायची ना! मग बाराव्या खोडाने कान हलवला.

खराखुरा नर. काका उठून बसले, बराच वेळ दुर्बिणीतून पाहिलं. फाटा होता, पण तीन इंच की चार, हे त्यांना ठरवता येईना. यांनी साठ पटीवर नेलं. चित्र दगडासारखं थांबलेलं. दोघांनी आळीपाळीने पाहिलं आणि एकमत झालं: तीन. काकांनी बंदूक बाजूला ठेवली, पोळी-भाजी खाल्ली आणि परत आले.

येताना त्यांनी मागच्या वर्षीच्या मटणाचा एक गोळा फ्रीजरमधून काढून दिला. मी सावजी मसाल्यात केला. काकांचे डोळे, नाक, कान सगळं वाहायला लागलं, पण ताट पुसून खाल्लं. मुलगा म्हणाला, "काका, आता तुम्ही नाचताय."

आईला नमस्कार. तिची गुडघेदुखी कशी आहे ते कळवा.

तुमची,
बेबी

ता. क. : लाकडाची तिपाई कंपन सगळ्यात छान जिरवते असं जावईबापूंनी कुठेतरी वाचलं आहे. तुमची मोजणीची जुनी सागवानी तिपाई माळ्यावर असेल का, बोटीने पाठवायला किती लागतील, असं रोज विचारतात. आईने तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे हे मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.